इंटिरिअर डिझाईनच्या पदवीचे पहिले वर्ष संपले. पुढची तीन वर्षे नेमके काय शिकायचे असते?

निळीरेघ
नमस्कार. इंटिरिअर डिझाईनच्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष मी नुकतेच पूर्ण केले. या वर्षात आम्ही हाताने रेषा काढल्या, कागद दुमडून आकार तयार केले, स्वतःच्या शरीराची आणि रोजच्या वापरातल्या खुर्च्या-टेबलांची मापे घेतली आणि एकाच लहान खोलीचा प्लॅन (वरून दिसणारा आराखडा) व सेक्शन (खोलीचा उभा छेद) १:२० या प्रमाणात पुन्हा पुन्हा काढला. मात्र रंग, कापड, दिवे आणि फर्निचर यांच्यासह पूर्ण झालेली एकही खोली माझ्या हातून अजून तयार झालेली नाही. माझ्या एका मैत्रिणीने याच काळात सॉफ्टवेअरवर भर असलेला वर्षभराचा अभ्यासक्रम केला. तिची त्रिमितीय चित्रे अतिशय सुंदर आहेत आणि ती पाहूनच तिला नोकरीही मिळाली.
दुसऱ्या वर्षी बांधकामाचे तपशील, प्रकाशयोजना, ध्वनी, इमारतीतील सेवा (पाणी, वीज वगैरे) आणि फर्निचरचा इतिहास असे विषय आहेत. पदवी सोडून लहान अभ्यासक्रमाकडे वळावे का, हा विचार गेले काही आठवडे मनातून जात नाही. या क्षेत्रात शिकलेल्या, शिकवणाऱ्या किंवा प्रत्यक्ष काम करणाऱ्या सदस्यांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

ओळंबा
मी साइटवर काम करून घेणारा माणूस आहे, त्यामुळे साइटचेच उदाहरण देतो. २.४५ मीटर उंचीच्या खोलीसाठी २.४० मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर खोल कपाट चित्रात व्यवस्थित बसते. पण कारखान्यातून पूर्ण जोडून आणलेले ते कपाट खोलीत आडवे ठेवून उभे करायला गेलात, तर उभे राहत नाही, कारण त्याच्या बाजूचा कर्ण जवळपास २.४७ मीटर भरतो. त्रिमितीय चित्र ही अडचण दाखवत नाही. ती सेक्शन काढणाऱ्याच्या लक्षात येते, तेही वस्तू खोलीत कशी पोहोचेल आणि कोण, कुठे उभे राहून जोडेल याचा विचार करण्याची सवय असेल तरच.
प्लायवूडचा ताव साधारण २४४० बाय १२२० मिलिमीटरचा असतो. २६०० मिलिमीटर उंचीचे अखंड दार ज्या चित्रात आहे, त्या चित्रातल्या दाराला सांधा कुठे येणार हे कुणीतरी ठरवावेच लागते. डिझायनरने ठरवले नाही तर सुतार ठरवतो, आणि मग तो सांधा डिझायनरला पसंत पडत नाही. बांधकामाच्या तपशिलांचा विषय हाच निर्णय आधी घ्यायला शिकवतो. पदवी सोडू नका.

समीर_ल
ओळंबा यांच्याशी अंशतः असहमत. मी लहान अभ्यासक्रमच केला आणि गेली बरीच वर्षे या क्षेत्रात काम करतो आहे. कर्णाचे गणित मला पहिल्याच कार्यालयातल्या वरिष्ठांनी शिकवले आणि त्यासाठी विद्यापीठात जावे लागले नाही. ग्राहकाला प्लॅन वाचता येत नाही, सेक्शन तर मुळीच नाही, म्हणून त्याला समजेल असे चित्र काढता येणे हे कमी दर्जाचे कौशल्य आहे, असा सूर कुणी लावू नये. ज्यांना चार वर्षांचा वेळ आणि खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी लहान अभ्यासक्रम हा प्रामाणिक मार्ग आहे.

सुमेधा_द
मी हा विषय शिकवते. समीर यांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मात्र निळीरेघ यांच्या पहिल्या वर्षाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न प्रत्येक तुकडीत विचारला जातो आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्यांना वेळेवर मिळत नाही.
कागद दुमडण्याच्या ज्या अभ्यासात आपला वेळ गेला असे वाटते, त्याची परंपरा बाउहाउस या जर्मन डिझाईनशाळेच्या प्राथमिक अभ्यासक्रमापर्यंत जाते. वॉल्टर ग्रोपिउस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे ही शाळा सुरू केली. तिथे कोणत्याही कार्यशाळेत प्रवेश मिळण्याआधी विद्यार्थ्यांना हा प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागे. सुरुवातीला तो योहानेस इटेन शिकवत, पुढे लास्लो मोहोली-नॉज आणि योसेफ आल्बेर्स. आल्बेर्स विद्यार्थ्यांना कागद देत आणि त्यातून वाया न घालवता, त्या कागदाच्या स्वभावाला धरून काहीतरी घडवायला सांगत. सपाट कागद स्वतःचे वजनही पेलत नाही, पण घडी घातली की उभा राहतो, हे बोटांना कळले की पुढे पातळ पत्र्याची किंवा प्लायची फळी कुठे वाकेल याचा अंदाज हिशोबाआधीच येऊ लागतो.
शरीराची मापे घेण्याचेही तसेच. बसण्याची उंची साधारण ४५ सेंटिमीटर, ओट्याची ८५ ते ९०, ही मापे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. ज्याच्यासाठी खोली करायची तो माणूस या सरासरीत बसत नसेल तर काय करायचे, हे मात्र स्वतः मोजल्याशिवाय समजत नाही. पहिल्या वर्षात पूर्ण खोली करायला लावली, तर विद्यार्थी आधी पाहिलेल्या खोल्यांची नक्कल करतात. आम्ही ती मुद्दाम लांबणीवर टाकतो. हे कारण आम्ही वर्गात स्पष्ट सांगायला हवे, ही तुमची अप्रत्यक्ष तक्रार योग्य आहे.

कोनमापक
मापांचा विषय निघालाच आहे म्हणून. जिन्याच्या दोन चढांची उंची आणि एका पायरीची खोली यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी, असा नियम सतराव्या शतकात फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लाँदेल यांनी मांडला. आज ही बेरीज साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर धरतात. इतका जुना नियम अजून उपयोगी आहे याचे मला नेहमी कौतुक वाटते.

पडवी
कोनमापक, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच टेप घेऊन घरचा जिना मोजला. चढ साडेसोळा, खोली साडेअठ्ठावीस, म्हणजे बेरीज साडेएकसष्ट. आजी या जिन्यावर कधी का अडखळत नाही, ते आज कळले. घरातल्या सर्वांना मापे वाचून दाखवून झाली आहेत.

अनाहत
दुसऱ्या वर्षाच्या यादीत ‘ध्वनी’ हा शब्द वाचून आनंद झाला, कारण इंटिरिअरच्या चर्चांमध्ये कानाचा विचार फार उशिरा होतो. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कुणालाच समजत नव्हते, कारण उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे आणि पुढचे शब्द त्यात मिसळून जात. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण अध्यापकाकडे हे काम आले. त्यांनी रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी आणि स्टॉपवॉच घेऊन, शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडत, किती गाद्यांनी नाद किती कमी होतो हे मोजले. खोलीचे घनफळ वाढले की नाद लांबतो आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग वाढले की तो आखडतो, हे सूत्र त्यातून आले. आजही मीटरमध्ये मापे घेऊन ०.१६१ गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण असा हिशोब विद्यार्थी करतात.
लक्षात घ्या, त्या खोलीची एकही भिंत हलवली नव्हती. फरक पडला तो पृष्ठभागांमुळे, आणि पृष्ठभाग निवडणे हे तर इंटिरिअर डिझायनरचे रोजचे काम. काच, टाइल आणि उघडे काँक्रीट वापरून केलेल्या देखण्या भोजनगृहात समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, तेव्हा तो दोष डिझाईनचाच असतो.

दीपकळी
अनाहत यांनी लिहिलेले बरोबर आहे, पण त्याला एक जोड दिलीच पाहिजे. मी वास्तुविशारद आहे आणि ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.
ध्वनी शोषून घेणारे मऊ, सच्छिद्र पदार्थ पुष्कळदा ज्वलनशील असतात. २००३ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ नावाच्या नाइटक्लबमध्ये शोभेच्या दारूच्या ठिणग्यांनी मंचाभोवतीच्या भिंतींवरील पॉलियुरेथेन फोम पेटला आणि १०० माणसे मेली. तो फोम आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला होता. त्याआधी १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबमध्ये ४९२ जण मृत्युमुखी पडले. तिथे छताला ताणून लावलेले कापड आणि कृत्रिम माडांची सजावट होती, मुख्य दार फिरते होते आणि ते गर्दीने अडकले, बाकीची काही दारे कुलूपबंद होती, तर काही आत उघडणारी होती.
या दोन्ही घटनांत आग पसरवणाऱ्या आणि वाट अडवणाऱ्या गोष्टींपैकी बहुतेक इमारतीच्या आतल्या होत्या. छताचे कापड कोणते, दार कोणत्या बाजूला उघडते, वाटेत टेबल ठेवायचे की नाही, हे निर्णय इंटिरिअर डिझायनरच्या कागदावर होतात. हा अभ्यास चार वर्षांत पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो. शिवाय कोणती भिंत भार वाहते हे स्वतः ठरवू नये आणि अभियंत्याला कधी विचारायचे, एवढे तरी पक्के कळावे, यासाठी संरचनेचा प्राथमिक अभ्यास आवश्यक आहे.

समीर_ल
दीपकळी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार करत होतो. आगीविषयी आम्हाला अभ्यासक्रमात एक व्याख्यान होते. ते पुरेसे नाही, हे मान्य. परंतु इतिहासाबद्दल माझे मत बदललेले नाही. कोणती खुर्ची कोणत्या वर्षी झाली हे पाठ करून चांगली खोली होत नाही. ज्याला आवड आहे तो स्वतःहून वाचेल, त्यासाठी परीक्षा कशाला?

मृदगंध
खुर्च्यांची सनावळी पाठ करणे हा इतिहास नव्हे, यावर तुमचे-माझे एकमत आहे. पण निर्णयांचा इतिहास शिकण्यासारखा आहे. मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये केलेले फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर पाहा. सुमारे १.९ बाय ३.४ मीटरची ती जागा. रेल्वेच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघराची आटोपशीर मांडणी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. कामाच्या वेळा आणि हालचाली मोजून, कमीत कमी पावले टाकावी लागतील अशा रीतीने प्रत्येक खण, फळी आणि कट्टा ठरवला गेला. शहराच्या नव्या वसाहतींमध्ये अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली आणि आजच्या बंदिस्त, सलग ओट्याच्या स्वयंपाकघरांचे मूळ तिथे शोधले जाते.
पुढे त्याच स्वयंपाकघरावर टीका झाली, कारण त्या मापात एकच व्यक्ती काम करू शकते. स्त्रीचे श्रम वाचवण्याच्या हेतूने केलेल्या रचनेने तिला घरातल्या इतरांपासून वेगळे पाडले आणि दुसऱ्या कुणी मदतीला यावे अशी जागाच ठेवली नाही. मापे अचूक असूनही रचना माणसांच्या नात्यांवर कोणता परिणाम करते, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगले उदाहरण माहीत नाही. इतिहासाच्या तासाला हे शिकवले जात असेल, तर त्यावर परीक्षा असायलाही माझी हरकत नाही.

मुक्तछंद
मी चाकांची खुर्ची वापरतो. कुणाच्याही घरी किंवा कार्यालयात गेल्यावर मला पहिल्या मिनिटात कळते की ती जागा करणाऱ्याने माझ्यासारख्या माणसाचा विचार केला होता की नाही. खुर्ची जागेवर वळवायला साधारण दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते आणि दाराची मोकळी रुंदी ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर माझी बोटे चौकटीला घासतात. अनेक ठिकाणी दार मापात असते, पण त्याच्या मागे शोभेची कुंडी ठेवलेली असते.
रोनाल्ड मेस हे वास्तुविशारद स्वतः चाकांची खुर्ची वापरत. सर्वांना वापरता येईल अशा रचनेची कल्पना त्यांनी मांडली आणि त्यांच्या पुढाकाराने नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात १९९७ मध्ये तिची सात तत्त्वे तयार झाली. अपंगांसाठी वेगळी सोय जोडण्याऐवजी मूळ रचनाच अशी करावी की ती सर्वांना सहज वापरता यावी, हा त्यांचा आग्रह होता. निळीरेघ, पहिल्या वर्षी तुम्ही ज्या शरीराची मापे घेतलीत ते तुमचे स्वतःचे होते. दुसऱ्या वर्षी माझ्यासारख्याचीही घ्या.

आलेख
एक वेगळा मुद्दा मांडतो. विद्यापीठात न शिकता थोर काम केलेले लोक या क्षेत्रात आहेत. आयलीन ग्रे यांनी वास्तुरचनेचे औपचारिक शिक्षण घेतले नव्हते, तरी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील ‘ई-१०२७’ हे १९२९ मध्ये पूर्ण झालेले घर आतल्या प्रत्येक वस्तूसह त्यांनी घडवले. जपानी वास्तुविशारद तादाओ आंदो स्वतःच शिकले. इटलीच्या कार्लो स्कार्पा यांच्याकडे वास्तुविशारदाचा परवाना नव्हता. मग पदवीचा इतका आग्रह का?

सुमेधा_द
आलेख, ही नावे माझ्याही आवडीची आहेत, पण त्यांचे शिक्षण झाले नव्हते असे म्हणता येत नाही. ग्रे लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकल्या आणि पुढे पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडे त्यांनी दीर्घकाळ लाखकाम आत्मसात केले. स्कार्पा व्हेनिसच्या कला अकादमीत शिकले आणि मुरानोच्या काच कारागिरांबरोबर त्यांनी अनेक वर्षे काम केले. कागदी पात्रता नसेल, पण साहित्याशी इतका दीर्घ आणि शिस्तबद्ध परिचय आज लहान अभ्यासक्रमातच काय, पुष्कळ पदव्यांतही मिळत नाही. निळीरेघ यांना असा गुरू आणि एवढा अवधी मिळणार असेल, तर मी त्यांना पदवीतच राहा असे म्हणणार नाही.
समीर यांच्या ग्राहकाच्या मुद्द्यालाही उत्तर द्यायचे राहिले होते. अमेरिकन डिझायनर फ्लोरेन्स नॉल यांच्या नियोजन विभागात आधी कार्यालयातील माणसांना त्यांच्या कामाविषयी विचारले जाई आणि नंतर लहान प्रमाणातल्या प्लॅनवर प्रत्यक्ष कापडाचे आणि लाकडाचे तुकडे चिकटवून ग्राहकाला दाखवले जात. ग्राहक त्या तुकड्यांना हात लावू शकत असे. पडद्यावरील चित्राला ही सोय नाही, म्हणून दोन्ही शिकावे.

शेवटचेवर्ष
मी अंतिम वर्षात आहे. वरचे सगळे पटते, पण निळीरेघ यांना कुणीतरी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, आधी सलग रात्री जागून मॉडेल करणे हे आमच्याकडे मेहनतीचे लक्षण मानले जाते. थकलेल्या हातात धारदार कटर असतो आणि सकाळी आपल्या कामाबद्दल नीट बोलताही येत नाही. एका ज्यूरीत माझ्या वर्गमैत्रिणीच्या कामावर ‘मला आवडले नाही’ एवढेच बोलून परीक्षक पुढे गेले. कारण सांगितले असते तर ती सुधारणा करू शकली असती. आरोग्याला घातक साहित्य वापरू नये असे शिकवणाऱ्या विभागाने विद्यार्थ्यांच्या झोपेचाही विचार करावा, असे मी अत्यंत गांभीर्याने म्हणतो.

सुमेधा_द
पूर्ण सहमत. ज्यूरीत प्रत्येक अभिप्रायाला कारण असलेच पाहिजे, आणि कारण दिले नाही तर विद्यार्थ्याने नम्रपणे ते मागावे. काम सादर करण्याची वेळ आदल्या दिवशी दुपारची ठेवली, तर रात्रीची जागरणे पुष्कळ कमी होतात. हे करणारे विभाग आहेत.

रंध्र
मी रुग्णालयात परिचारिका आहे. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास इथे नमूद करावासा वाटतो. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण फक्त ४६ होते, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही पलंग कोणत्या दिशेला वळवायचा हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही, हे मी रोज पाहते. असे अभ्यास कसे वाचावेत आणि त्यांच्यावर किती विसंबावे, हे विद्यापीठाने शिकवावे, अशी माझी अपेक्षा आहे.

निळीरेघ
इतके सविस्तर लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीलाही हा धागा वाचायला दिला. तिच्या कार्यालयात अग्निसुरक्षेचे नकाशे कोण तपासते, हे ती उद्या विचारणार आहे. मी पदवी पुढे चालू ठेवते आहे आणि सुट्टीत सॉफ्टवेअर स्वतः शिकणार आहे. समीरदादा, कोणत्या क्रमाने शिकावे ते तुम्ही सांगाल का? आणि आणखी एक प्रश्न: दुसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय म्हणून प्रकाशयोजना आणि फर्निचर यांपैकी एकच घेता येतो. कोणता घ्यावा?

समीर_ल
आनंदाने सांगतो. आधी द्विमितीय आरेखन पक्के करा, म्हणजे प्लॅन, सेक्शन आणि तपशील अचूक मापात संगणकावर काढता आले पाहिजेत. त्यानंतर साधे त्रिमितीय मॉडेल, आणि रेंडर, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे चित्र, सर्वात शेवटी. मी उलट्या क्रमाने शिकणारे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची चित्रे चमकतात, पण कारागिराला देण्याजोगा कागद त्यांच्याकडे नसतो.

ओळंबा
फर्निचर घ्या. सुताराबरोबर उभे राहून एक तरी खुर्ची पूर्ण करा. माणसाचे वजन, सांध्यांवर येणारा ताण आणि बसण्याचा कोन हे सगळे एकाच वस्तूत शिकायला मिळते.

दीपकळी
माझे मत प्रकाशयोजनेला. फर्निचर पुढे कार्यशाळेत, सुतारांकडून, मोडलेल्या वस्तू दुरुस्त करतानाही शिकता येते. प्रकाशासाठी उपकरणे आणि मोजमापाची सोय लागते, ती विद्यापीठातच सहज मिळते. २७०० केल्विनचा (केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या छटेचे माप) दिवा पिवळसर दिसतो आणि ६५०० चा निळसर पांढरा, हे बहुतेकांना माहीत असते. पण एकाच केल्विनचे दोन दिवे त्याच कापडाचा रंग वेगवेगळा दाखवू शकतात, कारण त्यांची रंग दाखवण्याची क्षमता वेगळी असते. तिचे माप जास्तीत जास्त १०० असते. कापड आणि भिंतीचा रंग दुकानातल्या उजेडात तंतोतंत जुळतात आणि घरी आल्यावर वेगळे दिसतात, ते याच कारणाने. लक्समीटर (उजेड मोजणारे उपकरण) घेऊन एकाच खोलीत सकाळी, दुपारी आणि रात्री मोजणी केलीत, तर तुमच्या १:२० च्या त्या सेक्शनमध्ये खिडकी कुठे हवी याबद्दलचे मतही बदलेल.

निळीरेघ
दीपकळीताई, प्रकाशयोजना घेते. विभागात लक्समीटर आहे का, हे आजच विचारले. एक आहे आणि प्रयोगशाळेत नाव नोंदवून घरी नेता येतो. ओळंबाकाका, खुर्चीसाठी सुट्टीत एका सुतारांकडे जायचे ठरवते आहे. पहिली खुर्ची कोणत्या लाकडाची करावी आणि कोणते सांधे आधी शिकावेत, तेवढे कृपया सांगा.

ओळंबा
पहिली खुर्ची नको, आधी स्टूल करा. साध्या, सरळ रेषांच्या लाकडात खाच-कुसूचा सांधा (एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवणे) शिका, खिळा न वापरता. चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या एवढेच करायचे आहे, पण सपाट जमिनीवर ते न डुलता उभे राहिले पाहिजे. ते जमले की इथे कळवा, मग पाठीच्या कोनाबद्दल लिहितो.